स्विच २ जपानहून आणावा का? मदत हवी आहे
निन्टेंडो स्विच २ (गेम खेळायचा कन्सोल) घ्यायचाय. आपल्याकडे कंपनी ऑफिशियली विकत नाही आणि इंपोर्टवाल्यांचे भाव ऐकून गप बसलो. मामेभाऊ टोकियोत असतो, गणपतीला येताना आणतो म्हणाला, पण तिथे दोन व्हर्जन आहेत, लाँचला ४९,९८० येनचं होतं ते फक्त जपानी भाषेचं, त्याला अकाउंट पण जपान रीजनचंच लागतं, म्हणजे ते बाद (मला सायोनाराच्या पुढे काही येत नाही), आणि दुसरं ६९,९८० चं सगळ्या भाषांचं. अमेरिकेतून आणणारं कोणी नाही त्यामुळे तो ऑप्शन सुचवू नका, आणि सोनीचा पीएस५ घे असंही नको, पोरांना निन्टेंडोचा मारिओ कार्ट गेमच पाहिजे.

चार्जर १००-२४० व्होल्टचा आहे, पिन कन्व्हर्टरने भागेल. जुनं मेमरी कार्ड गेम्सना चालत नाही, नवीन मायक्रोएसडी एक्सप्रेसवालं लागतं, ते नंतर बघू, आत २५६ जीबी आहेच.

जुन्या स्विचवर माझं अकाउंट अमेरिका रीजनचं आहे, गेम्स सगळे डिजिटल. तर जपानचं मल्टी-लँग्वेज व्हर्जन इथे कोणी वापरतंय का, त्यावर असं अकाउंट आणि जुने सेव्ह (गेममध्ये जिथवर खेळलो ते) नीट आले का? आणि जॉयकॉन (त्याचा कंट्रोलर) बिघडला तर पुण्या-मुंबईत रिपेअर कोण करतं?