मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या जुन्या घरासाठी कोणता सर्व्हे करावा?

लेस्टरमध्ये साधारण १९०५ च्या सुमाराचं टेरेस घर (रांगेतलं, शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेलं) घेतोय. ऑफर मान्य झालीये, कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज बाकी आहे, म्हणजे सौदा अजून कायद्याने पक्का नाही. बँकेचं व्हॅल्युएशन झालंय, पण ते बँकेच्या सोयीचं. घराची तब्येत त्यातून कळत नाही.

एजंट म्हणतो लेव्हल २ (मधल्या पातळीचा सर्व्हे) पुरे. मला अजिबात पटत नाही. मागच्या खोलीतलं चिमणीचं बांधकाम कुणीतरी काढून टाकलंय, वरच्या बेडरूममध्ये मात्र ते तसंच उभं आहे. एवढ्या विटांचं वजन कशावर पेललंय, हे सीलिंगच्या प्लास्टरमुळे दिसत नाही. त्याच कोपऱ्यात ओल येऊन वॉलपेपर सुटलाय. चिमणी काढल्याच्या कामाचं बिल्डिंग रेग्युलेशनचं (बांधकाम नियमांचं) सर्टिफिकेट विक्रेत्याकडे नाही. सॉलिसिटरने कौन्सिलकडे चौकशी केलीये, उत्तर यायचंय. सर्व्हेयरांशी फोनवर बोललो, तर लेव्हल ३ मध्येही (सगळ्यात सविस्तर सर्व्हे) प्लास्टर उघडत नाहीत म्हणाले.

लेव्हल ३ आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, दोन्हींचा खर्च झेपणार नाही. घर आवडलंय, सोडायचं नाहीये.

असं घर घेतलेल्यांनी कृपया सांगा: लेव्हल ३ करावा, की लेव्हल २ करून उरलेले पैसे थेट इंजिनिअरवर घालावेत? आणि प्लास्टरला छोटं भोक पाडून बघायला विक्रेत्याकडून परवानगी कशी मिळवलीत?