विषय: सॅव्हानाच्या सहलीत मेकनला दोन तास थांबायचं का?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

जॉर्जियातल्याच सॅव्हाना शहराच्या सहलीच्या सगळ्या ५२ जागा भरल्या. बस सकाळी साडेसहाला सुटेल. साडेसहा म्हणजे साडेसहा, गेल्या वर्षीसारखे सव्वासात नव्हे. वाटेत मेकनला नाश्त्याचा थांबा ठरलेलाच आहे. तिथे ऑलमन ब्रदर्स बँडचं जुनं घर बघावं, दोन तास द्यावेत, अशी सूचना अटलांटाजवळच्या जॉन्स क्रीकच्या सभासदाकडून आली आहे. हे ब्रदर्स कोण आणि दोन तास कशाला, ते सूचना करणाऱ्यांनीच लिहावं. थोडक्यात.

प्रेषक: अल्फारेटाची ताई

सोबत मुलं आहेत हो. मी शोधून पाहिलं तर पहिल्याच पानावर ड्रग्ज आणि मोटरसायकलचे अपघात. मेकनलाच ओकमल्गीच्या प्राचीन मातीच्या टेकड्या आहेत, नॅशनल पार्कवाल्यांच्या अखत्यारीत. तिथे जाऊ. पोरं पळतील तरी.

प्रेषक: जॉन्स क्रीक

सचिवसाहेब, थोडक्यात जमणार नाही.

ताई, ड्रग्ज खरे, अपघातही खरे. झाकून ठेवण्यासारखं काही नाही, सगळं छापून आलेलं आहे. पण १९९८ साली कॉन्ट्रॅक्टवर इथे आलो तेव्हा पहिले आठ महिने मी मेकनच्या एका मोटेलात काढलेत. गाडी नव्हती, ओळख नव्हती. शेजारच्या खोलीतला म्हातारा रोज रात्री एकच कॅसेट लावायचा. आधी भिंत ठोकली, मग कॅसेट मागून घेतली. तेव्हा माझा यात जीव अडकलाय हे गृहीत धरूनच वाचा.

मार्च १९६९, फ्लॉरिडातलं जॅक्सनव्हिल. सहा पोरं जमली, रॉक आणि ब्लूज वाजवायला. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गायला आणि ऑर्गनला, बेरी ओकली बेसवर, आणि ड्रमवर एक नाही, दोघं: बुच ट्रक्स आणि जेमो. पाच गोरे, एक काळा. त्या काळच्या वर्णभेदी दक्षिणेत हे सहा जण एकत्र फिरत होते, याचा अर्थ इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. थोड्याच दिवसांत बिऱ्हाड मेकनला आलं, कारण मॅनेजर फिल वॉल्डन मेकनचा. हाच आधी ओटिस रेडिंगचा मॅनेजर होता. ओटिस १९६७च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला, आणि वॉल्डन नवा माणूस शोधत होता.

खिशात दमडी नाही. मेकनच्या एच अँड एच खानावळीत दोन ताटं मागवायची आणि त्यात सगळ्यांनी भागवायचं. मालकीणबाई लुईस हडसन यांनी ते पाहिलं आणि प्रत्येकापुढे भरलेलं ताट ठेवलं, पैसे सावकाश द्या म्हणाल्या. पुढे बरे दिवस आल्यावर याच पोरांनी त्यांना दौऱ्यावर सोबत नेलं.

आता ड्वेनची बाटली. तो सर्दीने आजारी होता. धाकट्या भावाने त्याला वाढदिवसाला दोन वस्तू दिल्या: ताज महाल नावाच्या गायकाची रेकॉर्ड (आग्र्याशी संबंध नाही, माणूस अमेरिकन) आणि सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली. ड्वेनने गोळ्या ओतल्या, लेबल धुऊन काढलं, बाटली बोटात घातली आणि गिटारच्या तारांवरून सरकवायला लागला. यालाच स्लाइड म्हणतात. त्या रेकॉर्डवर 'स्टेट्सबरो ब्लूज' हे गाणं होतं. मूळ ब्लाइंड विली मॅक्टेल या गायकाचं, १९२८ सालचं. सॅव्हानाला जाताना आय-१६ महामार्गावर स्टेट्सबरो गावाची पाटी लागते. लागली की मी बसमध्ये उभा राहणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

पहिली रेकॉर्ड फारशी खपली नाही. मग त्यांनी रस्ता धरला. १९७० मध्ये वर्षाला तीनशेच्या वर कार्यक्रम. त्यातून वेळ काढून ड्वेन इंग्लिश गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनच्या 'लैला' या रेकॉर्डवरही वाजवून आला. मार्च १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरमध्ये १२ आणि १३ तारखेला जे वाजवलं, त्याची दुहेरी रेकॉर्ड जुलैत आली. माझ्या शेजाऱ्याची कॅसेट तीच. त्यात ग्रेगने लिहिलेलं 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणं एकटं जवळजवळ २३ मिनिटं. रेकॉर्ड न्यू यॉर्कची, पण कव्हरवरचा फोटो मेकनच्या गल्लीतला आहे: सामानाच्या पेट्यांसमोर बसून सहाही जण खदखदा हसतायत. आणि मागच्या कव्हरवर कोण? पेट्या उचलणारी, वायरी जोडणारी माणसं. गणपतीत खुर्च्या लावणाऱ्यांचा फोटो आपल्या स्मरणिकेत एकदाही आलेला नाही, हे जाता जाता नोंदवतो.

रेकॉर्ड ऑक्टोबरात गोल्ड झाली, म्हणजे भरपूर खपल्याचा मान मिळाला. २९ ऑक्टोबर १९७१ला मेकनमध्ये ड्वेनच्या मोटरसायकलला अपघात झाला. वय २४. ११ नोव्हेंबर १९७२ला बेरी ओकली, तसाच, मोटरसायकलवर, ड्वेनच्या जागेपासून तीन चौकांवर. वय २४. दोघं रोझ हिलच्या दफनभूमीत शेजारी-शेजारी आहेत. पोरं याच दफनभूमीत पडीक असायची. डिकीने एका चालीला नाव दिलं 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड', ते तिथल्याच एका थडग्यावरून उचललेलं.

पुढचं भरभर सांगतो. डिकीने सूत्रं हातात घेतली, गिटारवाल्याच्या जागी गिटारवाला न घेता चक लेव्हेलला पियानोवर आणलं, आणि १९७३ मध्ये 'रॅम्बलिन मॅन' देशात दुसऱ्या क्रमांकावर गेलं. हे गाणं डिकीने आपण बघणार त्याच घराच्या स्वयंपाकघरात लिहिलं. त्याच जुलैत न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला, 'ग्रेटफुल डेड' आणि 'द बँड' या दोन बँडांच्या जोडीने, सुमारे सहा लाख माणसांपुढे वाजवलं. जिमी कार्टर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारासाठी निधीचे कार्यक्रम केले. १९७६ला फुटले: ड्रग्जच्या खटल्यात ग्रेगने स्वतःच्याच रोड मॅनेजरविरुद्ध साक्ष दिली, त्या माणसाला ७५ वर्षं ठोठावली (वरच्या कोर्टात ती टिकली नाही), आणि बाकीच्यांनी ग्रेगशी बोलणं टाकलं. परत जुळले, १९८२ला परत मोडले.

खरा बँड अडीच वर्षांचा. नंतरची सगळी वर्षं म्हणजे त्या अडीच वर्षांचं वर्षश्राद्ध. घर बघायचं ते त्यासाठी.

प्रेषक: डेकेटर

काका, बाकी सगळं मान्य, वर्षश्राद्ध अजिबात मान्य नाही.

१९८९ला ते पुन्हा उभे राहिले तेव्हा गिटारवर वॉरन हेन्स आला, आणि तेव्हापासून न्यू यॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये बहुतेक दर मार्चला मुक्काम. सगळे मिळून दोनशेच्या वर कार्यक्रम. १९९९ला डेरेक ट्रक्स आला, तोही गिटारवर. बुचचा पुतण्या, वय २०. ड्वेन गेल्यावर साडेसात वर्षांनी जन्मलेला, आणि नाव क्लॅप्टनच्या 'लैला'वाल्या बँडवरून, डेरेक अँड द डॉमिनोजवरून. हा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन राफेलला सरोदिये अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात जाऊन शिकलाय. त्याची स्लाइड ऐका: सुरावर थेट उतरत नाही, खालून घासत येतो, जरा थांबतो, मग पोचतो. सरोदला पडदे नसतात, स्लाइडलाही पडद्यांची गरज नाही. ड्वेनकडे आग जास्त होती, कबूल. पण मींड डेरेकची.

एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल चांगली नाही. २०००मध्ये डिकी बेट्सला दौऱ्यातून वगळल्याचं कळवलं ते फॅक्सने. एकतीस वर्षांच्या सोबतीनंतर. आपल्या मंडळात निदान फोन तरी करतात.

शेवटचा कार्यक्रम बीकनला, २८ ऑक्टोबर २०१४. लांबत लांबत मध्यरात्र उलटली, म्हणजे २९ तारीख लागली, ड्वेनची. शेवटी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 'ट्रबल नो मोअर' वाजवलं. १९६९ला सहा जण पहिल्यांदा बसले तेव्हा पहिलं हेच घेतलं होतं. बुच आणि ग्रेग दोघंही २०१७ला गेले, डिकी २०२४ला. त्या सहांतला जेमो एकटा आहे.

प्रेषक: तबलावाले काका

दोघांचे निबंध वाचले. 'व्हिपिंग पोस्ट' लावलं. सुरुवातीला नुसता बेस आहे, त्यावर ओट्यावर बोटं धरली आणि दोन वेळा समेला तोंडावर पडलो. तिसऱ्यांदा बारा धरले, तेही चुकले. हिने गॅस बंद करून विचारलं, काय चाललंय. अकरा आहेत! तीन, तीन, तीन आणि दोन. शेवटचे दोन अंगावर येतात, म्हणून पाऊल घसरतं. गाणं सुरू झालं की सहाच्या सरळ चालीत जातात, दादराच म्हणा. अकरा मात्रांचा रुद्र ताल शिकायला मला गुरुजींनी चार महिने लावले होते.

ग्रेगला हे येत होतं का?

प्रेषक: जॉन्स क्रीक

काका, नव्हतं! म्हणजे त्याला अकरा वगैरे माहीतच नव्हतं. त्याने स्वतः सांगितलंय: मला तीन-तीन-तीन आणि वर दोन असं दिसलं. अकरा आहेत हे ड्वेनने सांगितलं तेव्हा कळलं. आणि हे गाणं रात्री सुचलं तेव्हा कागद सापडेना, म्हणून त्याने काड्या पेटवून विझवल्या आणि त्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या टेबलाच्या कापडावर शब्द लिहिले.

प्रेषक: अल्फारेटाची ताई

इस्त्रीचं टेबल ज्या बाईचं होतं तिचं म्हणणं कुणी नोंदवलंय का?

असो. माझा मुलगा काकांची मेल वाचून जेवणाच्या टेबलावर अकरा वाजवतोय, वाटी फुटली. मी घराला हो म्हणते. दफनभूमीला नाही.

प्रेषक: सचिव

ठरलं. मेकनला दीड तास, दोन नाही. घराच्या वेळा आणि तिकीट मी फोन करून विचारतो. ज्यांना टेकड्या बघायच्या आहेत त्यांना बस तिकडे सोडेल आणि परत उचलेल. दफनभूमी परतीच्या वाटेवर, ऐच्छिक, उजेड असेल तर.

पुरीभाजीचे डबे प्रत्येकाने आपापले. बसमधला स्पीकर बिघडलाय. कुणाकडे असेल तर आणा. आणि मी स्मरणिकेची मेल वेगळी पाठवतो, खुर्च्या लावणाऱ्यांची नावं मला कळवा.

प्रेषक: डेकेटर

स्पीकर मी आणतो. मेकनपर्यंत काकांचा ड्वेन, परतताना माझा डेरेक.

प्रेषक: जॉन्स क्रीक

स्टेट्सबरो परतीच्या वाटेवरही लागतं.