१४० किडेखाऊ कुंड्या शेतातल्या घरी न्यायच्यात, बोअरचा टीडीएस ११४०

घटपर्णीवाला, सोलापूर
राम राम मंडळी. पूर्व भागातलं भाड्याचं घर ३१ मेला सोडायचंय. नान्नजच्या अलीकडे वडिलांचं शेत आहे, तिथं दोन खोल्या बांधल्यात, आता कायमचा मुक्काम तिकडेच. भांडीकुंडी एका खेपेत जातील. घोर आहे तो गच्चीवरच्या कुंड्यांचा. ४५ व्हीनस फ्लायट्रॅप, ३० सारासेनिया, ३५ घटपर्णी, ३० दवबिंदू. सगळ्यात थोरली घटपर्णी नऊ फुटांचा वेल झालीय, जिन्याच्या कठड्याला वेटोळं घालून बसलीय.

नळाचं पाणी यांना मी कधीच दिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी एटीएम आहे, त्याच्या एसीची नळी वॉचमनला सांगून कॅनमध्ये सोडलेली. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ८-१०. आठ वर्षं त्यावरच निभावलं. मध्ये एकदा लग्नाला गेलो आणि पुतण्यानं टँकरचं पाणी घातलं. परत येऊन बघतो तर कुंड्यांतल्या मॉसवर (शेवाळावर) मीठ फुटल्यासारखा पांढरा थर, आणि नऊ फ्लायट्रॅप गड्ड्यापासून काळे. शेतातल्या बोअरला काल मीटर बुडवला, ११४०! गावात एसी कुठला?

उन्हाळ्यात रोजचं ४० लिटर लागतं. छोटा हत्ती टेम्पो ठरवलाय, अंतर वीसेक किलोमीटर, पण दुपारी पारा ४२-४३. आणि एक वेगळीच भानगड. चुलती माळकरी आहे. म्हणते, खाटकाची झाडं माझ्या तुळशीशेजारी नकोत. यावरही कुणाकडं उपाय असेल तर सांगा.

कासवेडी, सातारा
दादा, छोट्या हत्तीचं नंतर बघा. झाडांच्या आधी पाणी पोचलं पाहिजे. ही झाडं किडे खातात तीच मुळी जमिनीत काही मिळत नाही म्हणून. आमच्या कासला जांभ्याच्या सड्यावरून पाऊस सगळे क्षार धुऊन नेतो, तिथंच दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. त्या मुळांना ११४० म्हणजे विषच. ५० च्या आतलं पाणी हवं.

घराच्या शेडला पत्रा असेल तर पन्हळ लावून घ्या. ६०० चौरस फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की साडेपाचशे लिटर होतात, सांडलवंड धरून पाचशे म्हणा. पहिल्या एक-दोन सरी वाहू द्या, धूळ आणि पाखरांची घाण निघून जाते. स्लॅबचं पाणी नको, सिमेंटचा चुना उतरतो. पाऊस येईपर्यंत घरगुती आरओ बोअरवर चालवा, पण मीटर लावूनच वापरा. गावातल्या फिल्टरच्या जारवर भरवसा नको, चवीसाठी त्यात साधं पाणी मिसळलेलं असू शकतं.

फ्लायट्रॅप आणि सारासेनिया हलवायची खरी वेळ थंडी, झोपेत असतात तेव्हा. तुमचा इलाज नाही, तर पहाटे चारला निघा. सारासेनियाच्या नळ्यांना वर्तमानपत्राची सैल गुंडाळी करा. दवबिंदूंना काहीही टेकू देऊ नका. त्यांचा चीक वाटेत वाळेल, घाबरू नका. घटपर्णीच्या पिचरमध्ये, म्हणजे पानाच्या टोकाच्या घड्यात, कापसाचा बोळा घाला, नाहीतर आतलं सगळं सांडतं. नऊ फुटी वेल मात्र कापा. जीव तुटेल तुमचा, पण शेंड्याकडचे दोन-दोन पेरांचे तुकडे लागतात आणि बुडाशी नवा फुटवा येतो.

द्राक्षबाग, नान्नज
पाव्हणं, आमच्याच भागात येताय की! पाण्याचं ताईंनी सांगितलंच, मी वाऱ्याचं सांगतो. शेजारी बाग आहे का ते बघा. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की दीड-दोन महिने फवारणीचा ब्लोअर थांबत नाही. बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या औषधाचे) निळे ठिपके आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर दिसतात, तुमच्या नाजूक झाडांचं काय होईल? बागेकडच्या बाजूला शेडनेट दुहेरी लावा आणि फवारायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगून ठेवा. सगळे करतात, नुसतं चहाला बोलवायचं.

निवृत्त_मास्तर
एवढा खटाटोप कशाला? विकून मोकळे व्हा, शेवगा लावा.

घटपर्णीवाला, सोलापूर
मास्तर, शेवगा आहेच बांधावर.

बाकीच्यांना हकीकत. २८ मेला पहाटे निघालो. द्राक्षाचे ३६ क्रेट लागले. हौद्यावर कामट्या बांधून जुन्या चार सोलापुरी चादरी ओल्या करून टाकल्या. चादरीचं वजन माहीत नव्हतं असं नाही, आयुष्य त्याच धंद्यात गेलं, पण पाणी पिऊन ती इतकी जड होते की दोन कामट्या मोडल्या आणि तीन सारासेनिया दबले. तेवढंच नुकसान वाटेत झालं.

आरओचं पाणी ६५ वर आलं, त्यात एसीचं मिसळून दिवस काढले. एटीएमवरून १२ कॅन आधीच नेऊन ठेवले होते, वॉचमननं निरोपाचे म्हणून आणखी दोन दिले. लाइट गेली की आरओ बंद, म्हणून रात्री भरून ठेवायचो. पिचर जवळपास सगळे करपले, घटपर्णीची पानं मात्र हिरवी आहेत. दवबिंदू चार दिवस नुसत्या लाल काड्या होते. पाचव्या सकाळी वाकून बघतो तर एका केसाच्या टोकावर थेंब, आणि त्यात एक चिलट अजून पाय हलवतंय.

वेल कापला. बायकोला कात्री धरायला लावली, माझ्यानं होईना. सात तुकडे लावलेत.

जूनमध्ये पहिल्या दोन सरी सोडून दिल्या, तिसरीला टाकी भरायला लागली. मीटरवर १२.

तुळशीपासून झाडं वीस पावलं लांब ठेवलीत. चुलती आता रोज संध्याकाळी माश्या मोजायला येते. काल विचारत होती, आषाढी एकादशीला यांना उपास धरायला लावता येतो का. काय सांगू?