मदत हवी आहे: झोत आला की शिडाची मॉडेल बोट वाऱ्याकडे वळते

बीडजवळच्या बिंदुसरा धरणाच्या पाण्यात मी स्वतः बांधलेल्या आरजी-६५ वर्गाच्या (लांबी ६५० मिमी, शिडे २२५० चौ. सेंमी) रेडिओ-नियंत्रित बोटीची चाचणी घेत आहे. मंद वाऱ्यात ती सरळ चालते. परंतु झोत येऊन कलली, की सुकाणू पूर्ण वळवूनही तिचे नाक वाऱ्याकडे फिरते आणि शिडे फडफडू लागतात. डोलकाठीचा मागचा कल काढून ती १० मिमी पुढे घेतली आणि मुख्य शिडाची दोरी सैल केली, त्याने फरक पडला, पण पुरेसा नाही. सर्व्हो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) आणि सुकाणूचा दांडा घट्ट आहेत, हे तपासले आहे. फिनची (तळाखालच्या उभ्या पात्याची) पेटी फायबरमध्ये पक्की असल्याने ती सरकवता येणार नाही. अशा स्थितीत आधी सुकाणूचे पाते मोठे करावे, की एकूण क्षेत्रफळ तेच ठेवून मुख्य शीड लहान आणि जिब (पुढचे शीड) मोठे करावे?