विकास परवानगी, बांधकाम परवाना, मंजुरी: नेमके काय मागायचे?

मूळ प्रश्न (सातारा जिल्ह्यातून)

वडिलांनी १९९४ साली एका नगरपरिषदेच्या हद्दीत दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. त्यावर एक जुनी पत्र्याची खोली आहे. ती पाडून आता घर बांधायचे आहे. "परवानगी आपल्याकडे आहेच," असे ते तीस वर्षे म्हणत आले. गेल्या महिन्यात ते कागद घेऊन चौकशीला गेले, तर खिडकीवरून उत्तर आले, "ही नाही हो काका, विकास परवानगी लागते." त्यांच्याकडे होता तो बिनशेतीचा आदेश.

वडील निवृत्त शिक्षक आहेत. शब्द कळल्याशिवाय ते कशावर सही करत नाहीत. घरी येऊन म्हणाले, "विकास आपण कुठे करतोय, घर बांधतोय." मग त्यांनी वहीत शब्द उतरवले: परवानगी, परवाना, मंजुरी, ना हरकत, सामासिक अंतर, जोते, मानीव, भोगवटा. यांपैकी एकाचाही अर्थ अर्जाच्या नमुन्यात दिलेला नाही. हे शब्द एकमेकांऐवजी चालतात का? की प्रत्येकाचे काम वेगळे आहे?

पुण्याहून, नकाशे काढणारा एक अभियंता

काम वेगळे आहे, आणि तुमच्या वडिलांचा गोंधळ फार जणांचा होतो. त्याचे एक कारण सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. पहिल्याच्या कलम ४४ मध्ये शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी, दुसऱ्याच्या कलम ४४ मध्ये विकासाच्या परवानगीचा अर्ज. साल एक, कलमाचा आकडा एक, दोन्हीकडे शब्द 'परवानगी'. पहिली म्हणते, या जमिनीवर शेतीखेरीज दुसरे काही करता येईल. दुसरी म्हणते, तुम्ही काढलेल्या नकाशाप्रमाणे करता येईल. वडिलांकडे पहिली आहे, दुसरी नाही. (विकास योजना लागू असलेल्या भागात पहिली आता वेगळी काढावी लागत नाही, पण जुना आदेश जपून ठेवा.)

'विकास' या शब्दाबद्दल. बोलण्यात विकास म्हणजे सुधारणा, वाढ. कायद्यात तसे नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम २ मधली व्याख्या जमिनीवर, जमिनीखाली किंवा वर केलेले बांधकाम घेते, वापरातला मोठा बदल घेते, आणि असलेली इमारत पाडणेही घेते. म्हणजे तुमची पत्र्याची खोली उतरवणे हाही 'विकास'च. वडिलांचा आक्षेप मराठी म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. पण अर्जात तो शब्द पारिभाषिक आहे, तिथे त्याला चांगले-वाईट चिकटलेले नाही.

आता परवाना आणि परवानगी. मी स्वतः 'परवानाधारक अभियंता' आहे, 'परवानगीधारक' नाही. रिक्षाचा परवाना, शस्त्राचा परवाना: हा माणसाजवळ किंवा वस्तूजवळ राहतो आणि मुदत संपली की नूतनीकरण मागतो. परवानगी एका कृतीला मिळते. कृती झाली की तिचे काम संपले. या हिशेबाने घराला 'बांधकाम परवानगी' म्हणावे, 'बांधकाम परवाना' नको, असे माझे मत. वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात, हे खरे.

पणजीहून

गोव्यात मात्र परवानाच रूढ आहे. पंचायत देते तो बांधकाम परवाना. त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते. शेतजमिनीचे रूपांतर केल्याची मिळते ती 'सनद'. "सनद झाली का?" हा आमच्याकडे पहिला प्रश्न असतो. तुमचा भेद मला पटतो, पण इथे कोणी परवानगी म्हटले तर तोंडी होकार मिळाला असेच ऐकणाऱ्याला वाटेल. कागद म्हटला की परवाना.

दादरहून

मुंबईचा एक शब्द सांगितल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. इथे सगळे म्हणतात "आयओडी आली", आणि पेढे वाटतात. आयओडी म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. शब्दशः, नामंजुरीची सूचना! पत्राची सुरुवातही 'हे बांधकाम मंजूर करता येत नाही' अशा अर्थाच्या वाक्याने होते, आणि नामंजुरीची कारणे म्हणून खाली अटींची यादी असते. त्या अटी पुऱ्या केल्या की प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'सीसी', मिळते आणि काम सुरू होते.

मी अनेक वर्षे याला सरकारी भाषेचा विचित्रपणा समजत होतो. मग १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम वाचला आणि मत बदलले. त्या कायद्यात मालक परवानगी मागतच नाही. कलम ३३७ प्रमाणे तो पालिकेला नोटीस देतो, 'मी बांधणार आहे'. ठरलेल्या मुदतीत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही, तर त्याने नोटिशीप्रमाणे काम सुरू करावे. नापसंती कळवायचे कलम ३४६. म्हणजे त्या व्यवस्थेत काम अडवायचे तर पालिकेला नकार कळवावा लागे, म्हणून सशर्त होकारही नकाराच्या साच्यातून बाहेर पडतो.

१९६६ च्या नगररचना कायद्यात मालक 'अर्जदार' झाला. १८८८ मध्ये तो 'सूचना देणारा' होता. मला हा फरक मोठा वाटतो. जमीन माझी, बांधणार मी, आणि वाक्याचा कर्ता कोण हे एका शब्दाने बदलते.

पुण्याचा अभियंता

दादरकरांच्या मुद्द्यात एक भर. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारकाच्या सहीचा नकाशा द्यायचा, शुल्क भरायचे, पावती हीच परवानगी. तिथे सूचना देणारा मालक परत आला, असे म्हणता येईल. साताऱ्याचा प्लॉट दोन गुंठे, म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर, तेव्हा तुम्हाला ती सोय नाही. त्यापुढच्या, ३०० चौरस मीटरपर्यंतच्या गटात मात्र तुम्ही बसता, आणि त्या गटासाठी १० दिवसांत निर्णय द्यायचा असे ठरलेले आहे.

अकोल्याहून, नगरपरिषदेतून निवृत्त

मी ३० वर्षे आवक-जावक आणि बांधकाम विभागात काढली. गुरुजींना माझा नमस्कार सांगा. शब्द कळल्याशिवाय सही न करणारे अर्जदार आमच्याकडे फार थोडे यायचे.

'मानीव' हा शब्द मला फार आवडतो. कोरणे-कोरीव, ऐकणे-ऐकीव, तसे मानणे-मानीव. आमच्या विदर्भात मिळकत पत्रिकेला आखीव पत्रिका म्हणतात, तोही याच घडणीचा. मानीव म्हणजे प्रत्यक्षात दिलेली नाही, पण दिली असे कायद्याने धरलेली. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' (जागेची मालकी सोसायटीच्या नावे झाली असे धरणे) माहीत असते, तिथला मानीव हाच. नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक, कार्यालयाने त्रुटी कळवल्या असतील तर तुमचे उत्तर पोचल्यापासून ६० दिवस पुन्हा मोजायचे. दुसरी, प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच मानीव परवानगी. नियमाबाहेरचे बांधकाम कोणाच्या गप्प बसण्याने नियमात येत नाही.

म्हणून माझ्या लेखी या सगळ्या यादीतला सर्वांत मोलाचा शब्द वहीत आलेलाच नाही: 'आवक क्रमांक'. फाईल टेबलावर ठेवून घरी येऊ नका. क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. ६० दिवस तिथून सुरू होतात. ऑनलाइन भरला असेल तरी पोचपावती छापून ठेवा.

'जोते', म्हणजे पायावरचा घराचा चौथरा, हा शब्दही नुसता गवंड्याचा नाही. परवानगी एक वर्षाची असते, मुदत वाढवून मिळते, पण वाढ धरून चार वर्षांपलीकडे नाही. त्या मुदतीत काम जोत्यापर्यंत आले नाही तर नव्याने अर्ज. जोते झाले की तपासणी मागायची, त्याचा दाखला घ्यायचा, मगच भिंती उचलायच्या. आमच्याकडे लोक घाईत भिंती उचलत, आणि पुढे भोगवट्याच्या वेळी जोत्याच्या दाखल्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालत. तेव्हा मला फार वाईट वाटायचे, कारण चूक एका दिवसाची असायची.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, वडिलांना तुमचा नमस्कार पोचवला. 'आवक क्रमांक' वहीत सर्वांत वर गेला. जोत्यावर ते लगेच म्हणाले, "शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, आत राहिली ती जोतीच. घर जोत्यावरून ओळखतात." मंजूर आणि ना हरकत यांवर कोणी सांगेल का?

दादरहून

मंजूर हा अरबी 'नजर'चा भाऊ. मूळ अर्थ पाहिलेले, नजरेखालून गेलेले. कोर्टातला नाझर त्याच कुळातला. नजराणा मात्र नाही. तो नवसाच्या अर्थाच्या दुसऱ्या अरबी धातूवरून आला, मराठीत उच्चार जुळला एवढेच. 'मंजूर नकाशा' या शब्दाचा मूळ अर्थ धरला तर कोणीतरी तो नकाशा खरोखर पाहिला आहे, अशी ग्वाही त्यात आहे. परवानगी कृतीला मिळते, मंजुरी कागदाला, असा भेद मी करतो.

हरकत तर त्याहून गमतीची. अरबीत तिचा अर्थ हालचाल. गवई तानेत हरकत घेतात ती हीच. हिंदीत ती वागणूक झाली, आणि मराठीत आडवे येणे. 'ना हरकत' देणारा परवानगी देत नाही. मी मध्ये येणार नाही, इतकेच सांगतो. अग्निशमन विभागाचे किंवा शेजाऱ्याचे ना हरकत हातात आले म्हणून बांधकाम सुरू करणारे असतात, त्यांनी हा अर्थ ध्यानात घ्यावा.

मेलबर्नहून

मी नागपूरची, इथे घर वाढवताना याच शब्दांत अडकले होते. व्हिक्टोरिया राज्यात दोन वेगळे परमिट असतात. जमिनीचा असा वापर, अशी उभारणी इथे चालेल का, हे स्थानिक काउन्सिल प्लॅनिंग परमिटमध्ये ठरवते. ते १९८७ च्या कायद्याखाली. भिंत, छत, पाया नीट आहे का, हे बिल्डिंग परमिट पाहते, आणि ते नोंदणीकृत बिल्डिंग सर्व्हेयर देतो. आईला फोनवर सांगताना मला दोन्हींसाठी 'बांधकाम परवानगी' हा एकच शब्द सुचायचा, आणि तिला वाटायचे मी तेच तेच सांगतेय. शेवटी पहिल्याला 'नियोजन परवानगी' म्हणायला लागले.

अकोल्याच्या ताईंचे ६० दिवस वाचून चकित झाले. इथेही काउन्सिलला ६० दिवसच असतात! पण मानीव असे काही नाही. मुदत उलटली तर अर्जदाराला न्यायाधिकरणाकडे जाता येते, परवानगी आपोआप मिळत नाही. आणि शेजाऱ्यांची हरकत इथे खरोखर मागवतात. माझ्या फाटकावर १४ दिवस सूचना लावलेली होती.

पुण्याचा अभियंता

राहिले भोगवटा आणि सामासिक अंतर. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे पुरे झालेले घर राहायला वापरता येईल असा दाखला. सातबाऱ्यावरच्या 'भोगवटादार वर्ग १' किंवा '२' शी त्याचा संबंध नाही; तो जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते सांगतो.

सामासिक अंतर ऐकून अनेकांना व्याकरणातला द्वंद्व समास आठवतो. इथला समास वहीतला. गुरुजींनी आयुष्यभर मुलांना सांगितले असेल, डावीकडे समास सोडा. तसाच प्लॉटच्या कडेने घराभोवती सोडायचा तो समास. नियोजनाच्या भाषेत इतका घरगुती शब्द दुसरा नाही, आणि तो ज्या कोणी योजला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मूळ प्रश्नकर्ती

वडिलांना हा परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. काल त्यांनी प्रस्ताव दिला. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख आहे, दहावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने खूण करून ठेवलाय आणि साठावाही.

त्यांचा एक प्रतिप्रश्न आहे. आजोबांच्या गावातल्या घराच्या खरेदीखतात 'पागोळीची जागा' सोडल्याचा उल्लेख आहे, म्हणजे छपराचे पाणी आपल्याच हद्दीत पडेल इतकी. त्यांच्या मते सामासिक अंतराचा आपला जुना शब्द तोच. तुमच्याकडच्या जुन्या कागदांत तो कोणत्या रूपात येतो? पागोळी, पागोळे, वळचण, की आणखी काही?