मदत हवी आहे: विंडोज ११ टाकल्यापासून प्रत्येक फाइल तपासणीत अडकते, दिवाळी अंक रखडलाय

टाकबोरू (मंगळवार, सकाळी ९:१२)
तातडीने मदत हवी आहे. शनिवारी विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चे अपडेट बंद होणार आहेत. तेव्हापासून जी फाइल तीन-चार सेकंदांत उघडायची तिला पन्नास सेकंद लागतात. कॉपी करायला घेतली तरी तेच. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यात वर 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसतं. रीस्टार्ट केलं, अपडेट सगळे झालेत. अंक २०८ पानांचा आहे, १३२ पानं लागलीत, २६ तारखेला पानं प्रेसला द्यायचीत. काय करू?

सह्यकडा (९:३०)
प्रोसेसर कोणता? रॅम किती? एसएसडी आहे की हार्ड डिस्क?

टाकबोरू (९:३४)
आय ५, दहावी पिढी. १६ जीबी. एसएसडी. मशीन चांगलं आहे हो, शुक्रवारपर्यंत काहीही त्रास नव्हता.

गोदाकाठ (९:५१)
घाबरू नका दादा. तुम्हाला दिसतंय ते डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं काम. अपग्रेडनंतर तो सगळं नव्याने तपासतो. एरवी एकदा तपासलेली आणि न बदललेली फाइल तो परत परत तपासत बसत नाही, पण सुरुवातीला सगळंच त्याला नवं असतं. त्यातच सर्चचा इंडेक्सही नव्याने बनत असतो. मशीन रात्रभर चालू ठेवा. माझ्या मुलीच्या लॅपटॉपला दोन दिवस लागले होते.

टाकबोरू (९:५५)
तीन रात्री चालूच होतं. आणि दादा नाही, ताई.

झटपट_उपाय (१०:०८)
सरळ डिफेंडर बंद करा. आधी टॅम्पर प्रोटेक्शन (त्याच्या सेटिंगवरचं कुलूप) बंद, मग रिअल-टाइम प्रोटेक्शन (फाइल उघडतानाची तपासणी) बंद. मी चार वर्षं तसंच वापरतोय, काही झालेलं नाही.

सह्यकडा (१०:१५)
हा सल्ला कृपया देऊ नका. दिवाळी अंक म्हणजे तीस-चाळीस लेखकांच्या फाइली, कुणाची मेलवर, कुणाची व्हॉट्सॲपवर, कुणाची पेनड्राइव्हवर. इथेच तपासणी हवी. शिवाय रिअल-टाइम हाताने बंद केलं तरी ते थोड्या वेळाने आपोआप चालू होतं.

ताई, बंद करायचं ते फक्त निदानापुरतं. नेटची वायर काढा, रिअल-टाइम दोन मिनिटं बंद ठेवा, तुमची स्वतःची जुनी फाइल उघडून वेळ मोजा आणि लगेच परत चालू करा. पन्नासचे तीन सेकंद झाले तर दोष तपासणीचा. फरक पडला नाही तर दुसरीकडे शोधायचं.

झटपट_उपाय (१०:२२)
चार वर्षं म्हणजे चार वर्षं. स्वतः काळजी घेतली की काही होत नाही.

सह्यकडा (१०:४०)
मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर आलं तेव्हा ते कुणी काही उघडायची वाट बघत नव्हतं, नेटवर्कवरून आपसूक पसरत होतं. विंडोजची दुरुस्ती अपडेटमधून मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते अडकले.

झटपट_उपाय (१०:४६)
म्हणजे तो अपडेट न केल्याचा प्रश्न झाला, अँटीव्हायरसचा नाही. दोन्ही एकत्र करू नका.

सह्यकडा (१०:५५)
हे मान्य, उदाहरण नेमकं नव्हतं. पण परक्यांच्या वर्ड फाइली उघडणाऱ्या मशीनवर तपासणी बंद ठेवू नये, हे मी मागे घेत नाही.

वऱ्हाडी_माणूस (११:०५)
११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू आहे का बघा. माझ्या भावाच्या सहाव्या पिढीच्या मशीनवर आम्ही रजिस्ट्रीत बदल करून ११ टाकलं होतं, पायऱ्या हव्या असतील तर लिहितो.

टाकबोरू (११:०९)
अपग्रेड व्यवस्थित झालंय, ते विचारलं नाहीये. सह्यकडा, तुम्ही सांगितलं ते करून बघितलं. नेट काढलं, रिअल-टाइम बंद केलं: ५२ सेकंदांचे २७ झाले. चालू केलं की परत ५२.

तुळशीवृंदावन (११:२०)
फॉन्ट! तुमच्याकडे श्रीलिपीचे, आयएसएमचे (युनिकोडच्या आधीचे जुने मराठी) शेकडो फॉन्ट विंडोजमध्ये टाकलेले असणार. इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) उघडताना ते सगळे वाचत बसतं. नको ते काढा. खरं तर आता संपूर्ण अंक युनिकोडवर न्या, इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर वापरला की जोडाक्षरं नीट येतात आणि तोच मजकूर वेबवरही टाकता येतो.

टाकबोरू (११:२६)
अर्धे लेखक अजून श्रीलिपीत पाठवतात, त्यांना सप्टेंबरात युनिकोड शिकवू का? आणि नुसती कॉपी करतानाही उशीर होतो हे वर लिहिलंय. त्यात इनडिझाइनचा संबंध नाही.

तुळशीवृंदावन (११:३१)
कॉपीचं वाचायचं राहिलं, माफ करा. युनिकोडचं मात्र पुढच्या वर्षी मनावर घ्याच. आमच्याकडे १९९८ पासूनचे लेख जुन्या फॉन्टात पडून आहेत, आज ते उघडतात पण वाचता येत नाहीत.

पडद्यामागे (११:५८)
डिफेंडर बंद करून २७ उरतात याचा अर्थ आणखी कुणीतरी मध्ये उभं आहे. दोन गोष्टी तुम्ही सांगितलेल्याच नाहीत. एक, फाइली नेमक्या कुठे असतात? दोन, दुसरा कोणता अँटीव्हायरस मशीनवर आहे किंवा होता का?

टाकबोरू (१२:०४)
एसएसडी २५६ जीबीचीच आहे, त्यामुळे कामाच्या फाइली पहिल्यापासून बाहेरच्या २ टीबी हार्ड डिस्कवर असतात. अँटीव्हायरस विकतचा होता, त्याची मुदत जूनमध्ये संपली. काढला नाही, पण तो आता काहीच करत नाही.

पडद्यामागे (१२:३०)
तो काही करत नाही असं तुम्हाला वाटतं. विकतचा अँटीव्हायरस चालू असतो तेव्हा डिफेंडर मागे सरकतो. मुदत संपली की डिफेंडर परत पुढे येतो. पण जुन्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत बसून फाइली अडवणारा त्याचा भाग, स्वतःहून निघत नाही. फाइल उघडा, कॉपी करा, नाव बदला, दर वेळी ती दोन नाक्यांवर थांबते. त्यात ती फिरत्या डिस्कवर, म्हणजे प्रत्येक नाक्यावर डिस्कचं डोकं परत इकडून तिकडे.

अंदाजावर जाऊ नका, बघून घ्या. स्टार्टवर उजवी क्लिक, टर्मिनल ॲडमिन उघडा, एफएलटीएमसी ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. अशा मध्ये बसलेल्या ड्रायव्हरांची यादी येईल. तिच्यात डब्ल्यूडीफिल्टर दिसेल, तो डिफेंडरचा. तुमच्या जुन्या अँटीव्हायरसच्या नावासारखं काही दिसतं का सांगा.

टाकबोरू (१२:४१)
दिसतंय! एक नाही, दोन ओळी आहेत त्यांच्या. जूनपासून हे असंच चालू असेल तर शुक्रवारपर्यंत त्रास का नव्हता?

पडद्यामागे (१२:५०)
खात्रीने सांगता येणार नाही. जुना ड्रायव्हर १० साठीचा, मुदतीनंतर त्याला अपडेट मिळालेला नाही आणि तो तसाच ११ मध्ये आला, एवढं दिसतंय. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करा, मग त्याच कंपनीच्या साइटवरून त्यांचं रिमूव्हल टूल घेऊन चालवा. नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहतो असं मी बऱ्याचदा पाहिलंय. रीस्टार्ट करून यादी परत बघा. सध्याच्या अंकाचं फोल्डर एसएसडीवर आणा, बाकीचे जुने अंक राहू देत बाहेर.

गोदाकाठ (१२:५८)
ताई, त्याआधी पानांची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. आणि काहीच जमलं नाही तर लक्षात ठेवा, १० वर परत जायला दहाच दिवस मिळतात, त्यातले तीन गेले.

मिंटप्रेमी (१:१५)
लिनक्स मिंट टाका, यातलं काहीच उरणार नाही.

टाकबोरू (१:१७)
इनडिझाइन लिनक्सवर चालत नाही.

टाकबोरू (४:०५)
प्रत घेतली, जुना अँटीव्हायरस टूलने काढला, रीस्टार्ट केलं. यादीत आता फक्त डब्ल्यूडीफिल्टर आणि विंडोजचे आपले दिसतात. तीच फाइल बाहेरच्या डिस्कवरून ११ सेकंद. एसएसडीवर आणून ४ सेकंद! पडद्यामागे, खूप आभार. चार दिवस रडकुंडीला आले होते. लेखकांच्या झिप मात्र अजून वीस-बावीस सेकंद घेतात.

पडद्यामागे (४:२०)
ते चालू द्या. झिपच्या आतली प्रत्येक फाइल सोडवून बघावी लागते, फोटो भरपूर असले की वेळ जाणारच. आली की एकदाच सोडवा आणि नंतर सोडवलेल्या फोल्डरवरच काम करा.

झटपट_उपाय (४:२६)
निदान पानांचं फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (डिफेंडरने न तपासायच्या यादीत) तरी टाका.

सह्यकडा (४:३३)
ताईंनी स्वतः लावलेल्या पानांचं फोल्डर टाकलं तर हरकत नाही. डाउनलोड्स आणि लेखकांकडून आलेल्या फाइलींचं फोल्डर अजिबात नको. आणि अंक छापून आला की तेही यादीतून काढा.

झटपट_उपाय (४:३६)
पानांचंच म्हणत होतो.

टाकबोरू (४:४०)
चार सेकंदांवर माझं भागतंय, एक्सक्लूजन नको. १३३ व्या पानाला बसते आता.

हिशेबनीस (६:१०)
माझ्याकडे टॅलीचा डेटा दुसऱ्या पीसीवर शेअर केलाय, ११ वर गेल्यापासून तो उघडायला पाच मिनिटं लागतात. जुना अँटीव्हायरस कधीच नव्हता. हाच उपाय चालेल का?

पडद्यामागे (६:२२)
नाही, नेटवर्कवरच्या फाइलींचं दुखणं वेगळं असतं. वेगळा धागा काढा आणि दोन्ही पीसींवर कोणतं विंडोज आहे, कोणती आवृत्ती, वायर आहे की वायफाय, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.