धागा : पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवता? कसं मोजता?

पाऊस लागला आणि बोरघाटात एकमेकींवर चढलेल्या गाड्यांचे फोटो परत फिरायला लागले. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या काकांची मोजणी आठवली. पुढची गाडी खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायचं. त्याआधीच आपण खांबाशी पोचलो तर फार चिकटलोय. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, तीन सेकंदांचे झाले ८३. ओल्या रस्त्यावर दुप्पट. तुमचे आडाखे लिहा.

घाटवाट
उतारावर न्यूट्रल नको, हात जोडून सांगतो. ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं, त्याची वाफ होते आणि पेडल भसकन तळाला जातं. ऑइल २ वर्षांनी बदलाच.

चाकोरी
+१ घाटवाट. आणि ट्रकपुढे घुसून लगेच ब्रेक मारू नका रे. एअर ब्रेक धरायलाच अर्धा सेकंद जातो, ८० च्या वेगात तेवढ्यात ११ मीटर. मग कुठे ब्रेक लागायला सुरुवात.

मोगरा
अंतर ठेवलं की कोणीतरी मधे घुसतंच, त्याचं काय?

चाकोरी
घुसू दे ताई. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, परत अंतर पडतं. दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट उशीर. मागचा चिकटला असेल तर पुढचं अंतर अजून वाढवा, म्हणजे करकचून ब्रेक लावावा लागत नाही आणि त्यालाही थांबायला वेळ मिळतो.

रातराणी
सळ्यांचा ट्रक!! दिवा मागच्या फळीला आणि सळ्या त्याच्याही बाहेर, रात्री दिसतच नाहीत. लेन बदला, नाहीतर पाच सेकंद मागे राहा.

सह्यकडा
चढावर थांबताना पुढच्याचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. भरलेला ट्रक सुटताना मागे सरकतो.

मोगरा
आभार सगळ्यांचे. घाटात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा?

रातराणी
एसी चालू, झोत काचेवर, आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. हाताने पुसू नका, तेलकट डाग समोरच्या दिव्यात चमकतात. वायपरचं रबरही बघा.

मोगरा
दोन्ही बाजूंचं एकाच मापाचं ना?

रातराणी
बहुतेक गाड्यांत नाही. मोजून घ्या.